खाजगी शाळा, सरकारी शाळा आणि एकच चषक: मैदानातला इन्साफ मोजायचा कसा?

एका शाळेत फक्त आसपासच्या वस्तीतली मुलं येतात. जी आली ती आली, त्यातूनच संघ उभा करायचा. दुसरी शाळा पूर्ण शहरातून आणि शेजारच्या गावांतूनही मुलं घेऊ शकते. चांगला खेळाडू दिसला तर त्याच्या फीची सोयही करू शकते. शिट्टी वाजली की दोन्ही संघ एकाच मैदानात, एकाच चषकासाठी. हा सामना बरोबरीचा म्हणायचा का?

आपल्याकडे हा प्रश्न मैदानाच्या कडेला, हरल्यानंतर विचारला जातो आणि घरी जाईपर्यंत विरून जातो. अमेरिकेत मात्र तो कित्येक दशकं नियमपुस्तिकेत, शाळांच्या मतदानात आणि थेट सर्वोच्च न्यायालयात लढला गेला आहे. वेगवेगळ्या राज्यांनी वेगवेगळी उत्तरं शोधली. काही उपाय बरे ठरले. काहींनी मात्र ज्यांचा काही दोष नव्हता अशा लहान शाळांनाच बाहेर ठेवलं, आणि त्यात एक मुस्लिम शाळाही होती. म्हणून हा विषय आपण नीट समजून घ्यायला हवा. उद्या आपल्याकडे कुणी म्हणालं की "खाजगी आणि सरकारी शाळांच्या स्पर्धा वेगळ्या करा", तर आपल्या उर्दू हायस्कूलची जागा कुठे असेल, हे आधी माहीत असलेलं बरं.

आधी शब्द नीट समजून घेऊ

आपल्याकडे "पब्लिक स्कूल" म्हटलं की भरमसाट फी आणि पिवळी बस डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत अर्थ अगदी उलटा आहे. तिथे पब्लिक स्कूल म्हणजे करदात्यांच्या पैशावर चालणारी, फुकट शिक्षण देणारी सरकारी शाळा. तिथली बहुसंख्य मुलं, ढोबळमानाने दहातली नऊ, अशाच शाळांत शिकतात. या शाळेला सहसा एक हद्द ठरवून दिलेली असते. तुमचं घर ज्या हद्दीत, ती तुमची शाळा. खाजगी शाळांना अशी हद्द नसते. त्यात कॅथलिक शाळा बऱ्याच आहेत. शिवाय इतर ख्रिश्चन पंथांच्या, यहुदी आणि इस्लामी शाळाही आहेत, आणि श्रीमंतांच्या महागड्या शाळाही आहेत.

तिथे हायस्कूलच्या खेळांची राष्ट्रीय शालेय स्पर्धा आपल्यासारखी नसते. प्रत्येक राज्यात शाळांची एक क्रीडा संघटना असते आणि राज्याचा चषक हाच सर्वात मोठा मान. आधी साखळी सामने होतात. त्यातून निवडलेले संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत जातात. देशभरात हायस्कूल खेळांतला सहभाग ८० लाखांच्या वर मोजला जातो. एक मुलगी दोन खेळ खेळली तर ती त्यात दोनदा येते, हे खरं. तरीही आकडा प्रचंडच. या खेळांतून पुढे कॉलेजची शिष्यवृत्ती मिळू शकते. म्हणून पालक हा विषय गंमत म्हणून सोडून देत नाहीत.

मोठ्या शाळेने लहान शाळेला चिरडू नये म्हणून बहुतेक राज्यांत पटसंख्येनुसार गट पाडलेले असतात. दोन हजार मुलांची शाळा एका गटात, दोनशेची दुसऱ्या गटात. इंडियाना राज्याने बास्केटबॉलमध्ये हे गट फार उशिरा पाडले. १९९७ पर्यंत तिथे लहान-मोठ्या सगळ्या शाळांचा एकच चषक होता. १९५४ मध्ये जेमतेम १६१ पटसंख्येच्या मायलन गावच्या हायस्कूलने अंतिम सामन्यात मन्सी सेंट्रल या मोठ्या शाळेला ३२-३० असं हरवलं. त्यावरून प्रेरणा घेऊन पुढे सिनेमाही निघाला. पण ही गोष्ट लोक अजून सांगतात ती अशी वारंवार घडत नाही म्हणूनच. नियम अपवादावर बेतता येत नाही.

पटसंख्या फसवी कशी ठरते

आता खाजगी शाळेचा प्रश्न इथेच उभा राहतो. समजा दोन शाळा, दोघींचा पट ४०० च. कागदावर बरोबरी झाली. पण सरकारी शाळेतली ४०० मुलं म्हणजे त्या हद्दीत जन्मली-वाढली ती मुलं. त्यात खेळायची आवड असलेली आहेत, नसलेली आहेत, शाळा सुटल्यावर दुकानात काम करणारीही आहेत. खाजगी शाळेतली ४०० मुलं निवडून आलेली असतात. कधी शाळेने निवडलेली, कधी पालकांनीच शाळा निवडलेली. फी भरू शकणारं घर मुलाला बूट, खुराक आणि खाजगी प्रशिक्षकही देऊ शकतं. त्यामुळे त्या ४०० मध्ये खेळाडूंचं प्रमाण जास्त असणं स्वाभाविक आहे.

याचा परिणाम निकालात दिसतो. कॅलिफोर्नियातल्या दे ला साल या कॅथलिक शाळेने अमेरिकन फुटबॉलमध्ये १९९२ ते २००४ या काळात सलग १५१ सामने जिंकले. त्याच राज्याच्या दक्षिण विभागात पहिल्या श्रेणीचं फुटबॉल विजेतेपद २०१६ पासून २०२४ पर्यंत मेटर डे आणि सेंट जॉन बॉस्को या दोनच कॅथलिक शाळांनी वाटून घेतलं. २०२० मध्ये कोरोनामुळे विजेतेपदाची स्पर्धाच झाली नाही, तेवढा एक खंड. बाकी सगळी वर्षं हीच दोन नावं. समोरच्या सरकारी शाळेतल्या मुलाला हंगाम सुरू होण्याआधीच शेवट माहीत असेल तर तो कशासाठी घाम गाळणार?

पण दुसरी बाजूही ऐकायला हवी. खाजगी शाळेचे पालक म्हणतात, आम्ही सरकारी शाळांसाठीचा कर भरतोच, मग आमच्या मुलांना राज्याच्या स्पर्धेतून का काढता? शहरातल्या कित्येक कॅथलिक शाळा गरीब आणि स्थलांतरित घरांतल्या मुलांना फी सवलतीत शिकवतात, त्या श्रीमंत नाहीत. शिवाय आता काही राज्यांत सरकारी शाळाही हद्दीबाहेरची मुलं घेतात. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे खाजगी शाळा म्हटलं की सगळ्या मेटर डे नसतात. शंभर मुलांची एखादी धार्मिक शाळा अकरा खेळाडू कसेबसे जमवते, तिला या महाकाय शाळांच्या रांगेत उभं करणं हाही अन्यायच.

राज्यांनी शोधलेले चार उपाय

पहिला उपाय गुणकाचा. अलाबामाने १९९९ मध्ये खाजगी शाळांच्या पटसंख्येला १.३५ ने गुणायला सुरुवात केली. म्हणजे ४०० चा पट ५४० धरायचा आणि त्यानुसार वरच्या गटात खेळवायचं. इलिनॉयने २००५ मध्ये १.६५ चा गुणक आणला. तिथे ४०० चे ६६० होतात. यात एक शहाणपणाची गोष्ट लक्षात घ्या. इलिनॉयचा नियम "खाजगी" या शब्दावर उभा नाही. ज्या शाळेला ठरलेली हद्द नाही, ती शाळा गुणकाखाली येते, मग ती सरकारी विशेष शाळा का असेना. पण गुणक सगळ्यांना सारखाच लावला की लहान, कधीच न जिंकणारी शाळाही वरच्या गटात फेकली जाते. म्हणून इलिनॉयला पुढे सूट द्यावी लागली. ज्यांना त्या खेळात फारसं यश नाही, त्यांचा गुणक माफ.

दुसरा उपाय यशाच्या हिशेबाचा. इंडियानाने साधारण २०१२-१३ च्या सुमारास हा मार्ग धरला. शाळा खाजगी की सरकारी हे विचारायचंच नाही. बाद फेरीत जितकं पुढे जाल तितके गुण. सुरुवातीच्या नियमात राज्य विजेतेपदाला ४ गुण होते, खालच्या टप्प्यांना ३, २, १ असे. दोन वर्षांत ६ गुण झाले की त्या खेळापुरतं तुम्हाला वरच्या गटात ढकललं जाणार. आपल्या वर्गातही आपण हेच करतो ना? सोपी गणितं भराभर सोडवणाऱ्या मुलाला अवघड गणितं देतो, त्याचे वडील कोण हे विचारत नाही.

तिसरा उपाय खेळाडू मोजण्याचा. ओहायोमध्ये शाळांनी अनेक मतदानं केली. काही प्रस्ताव पडले आणि शेवटी २०१४ मध्ये एक पास झाला. तो २०१७ पासून लागू झाला. त्यात शाळेचा शिक्का बघत नाहीत, संघाची यादी बघतात. यातला किती मुलांचा संबंध शाळेच्या नेहमीच्या परिसराशी आहे आणि किती बाहेरून आली, हे मोजून पटसंख्येत भर घालायची. बाहेरची मुलं जास्त तर वरचा गट. काम किचकट आहे, क्लार्कचा वेळ खातं. पण प्रश्न जिथे आहे तिथेच बोट ठेवतं.

चौथा उपाय सरळ वेगळं करण्याचा. टेनेसीने १९९७ पासून दोन विभाग केले. खेळाडूंना आर्थिक मदत देणाऱ्या खाजगी शाळा दुसऱ्या विभागात गेल्या. न्यू जर्सीत हंगामातले सामने एकत्र होऊ शकतात, पण राज्याच्या बाद फेरीत खाजगी शाळांचे गट वेगळे असतात. टेक्सासमध्ये तर संघटनाच वेगळ्या. १९१० साली सुरू झालेली यूआयएल ही सरकारी शाळांची संघटना. तिच्यात डॅलस आणि ह्यूस्टनमधल्या दोन जेसुइट शाळा तेवढ्या अपवाद म्हणून आहेत. बाकी खाजगी शाळांसाठी इतर संघटना, त्यातली सर्वात मोठी टॅप्स.

खेळाडू ओढण्याची भांडणं कोर्टातही गेली. टेनेसीतल्या ब्रेंटवुड अकॅडमी या खाजगी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाने १९९७ मध्ये आठवीतल्या काही मुलांना पत्र लिहून सरावाला बोलावलं. मुलांचा पुढच्या वर्षाचा प्रवेश ठरलेला होता, पण ती अजून त्या शाळेत आलेली नव्हती. संघटनेने शाळेला शिक्षा केली. शाळा म्हणाली, पत्र लिहिणं हा आमचा अभिव्यक्तीचा हक्क आहे. प्रकरण दोनदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००१ मध्ये कोर्टाने म्हटलं की ही संघटना सरकारी यंत्रणेत इतकी मिसळलेली आहे की तिला संविधानाची बंधनं लागू होतात. २००७ मध्ये म्हटलं की खेळाडू ओढण्याविरुद्धचा हा नियम अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भंग करत नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर अर्थ सोपा आहे. क्रीडा संघटना नियम करू शकते, पण मनमानी करू शकत नाही.

कुंपण घातलं की दार कोण सांभाळणार?

वेगळं करण्याचा उपाय ऐकायला सर्वात स्वच्छ वाटतो. ते तिकडे, आम्ही इकडे, भांडण मिटलं. पण इतिहास बघितला तर काळजी वाटते.

इंडियानाच्याच संघटनेकडे परत जाऊ. मायलनच्या त्या गोड गोष्टीच्या आधीची ही कडू गोष्ट आहे. इंडियानापोलिस शहरात १९२७ मध्ये क्रिस्पस ॲटक्स हायस्कूल उघडलं, काळ्या मुलांसाठी. राज्य संघटनेने तिला सदस्यत्व नाकारलं. कारण काय दिलं? ही शाळा सर्वांसाठी खुली नाही, म्हणून ती खऱ्या अर्थाने पब्लिक स्कूल नाही. आणि ती सर्वांसाठी खुली का नव्हती? कारण काळ्या मुलांना वेगळं काढण्यासाठीच ती बांधली होती. आधी तुम्हीच वेगळं काढायचं, मग तुम्ही वेगळे म्हणून दार बंद करायचं. कॅथलिक शाळाही तेव्हा बाहेरच होत्या. १९४२ मध्ये दोघांनाही दार उघडलं. पुढे १९५५ मध्ये ऑस्कर रॉबर्टसन या मुलाच्या साथीने क्रिस्पस ॲटक्सने बास्केटबॉलचा राज्य चषक जिंकला. हाच रॉबर्टसन नंतर अमेरिकेतल्या सर्वकालीन मोठ्या बास्केटबॉलपटूंत गणला गेला. पंधरा वर्षं जी मुलं दाराबाहेर राहिली, त्यात आणखी किती रॉबर्टसन होते, कोण सांगणार?

आता टेक्सास. ह्यूस्टनमधल्या इमान अकॅडमी या इस्लामी शाळेने २०१० मध्ये टॅप्सकडे सदस्यत्वासाठी अर्ज केला. यूआयएल मुळात सरकारी शाळांची, त्यामुळे राज्य पातळीवर खेळायचं तर खाजगी शाळांची ही मोठी संघटनाच जवळची वाट. अर्जावर जे प्रश्न आले ते मैदान किती मोठं, प्रशिक्षक किती, असे नव्हते. कुराण ख्रिश्चन आणि यहुदी लोकांबद्दल काय सांगतं, अमेरिकेत इस्लामचा प्रसार होण्याबद्दल तुमचं मत काय, ज्यांच्या श्रद्धा तुमच्याशी जुळत नाहीत त्यांच्या संघटनेत तुम्हाला का यायचं आहे, अशा आशयाचे प्रश्न विचारले गेले. अर्ज नामंजूर झाला. बास्केटबॉल खेळू इच्छिणाऱ्या पोरांना धर्माची परीक्षा द्यावी लागली आणि त्यात ती नापास ठरवली गेली.

दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, त्याच संघटनेत असलेल्या ह्यूस्टनच्या रॉबर्ट बेरेन अकॅडमी या यहुदी शाळेचा बास्केटबॉल संघ राज्याच्या उपांत्य फेरीत पोचला. सामना शुक्रवारी रात्री ठेवलेला. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत त्यांचा सब्बाथ, त्या काळात खेळणं नाही. वेळ बदलायला संघटनेने आधी नकार दिला. प्रकरण कोर्टात गेल्यावर वेळ बदलली. मुलं शुक्रवारी दुपारी खेळली आणि जिंकली. शनिवारी रात्री सब्बाथ संपल्यावर अंतिम सामना खेळली आणि थोडक्यात हरली. पण इज्जतीने हरली. दुपारी सामना घेतल्याने कुणाचं आभाळ कोसळलं नाही. या वेळी देशभरातल्या वर्तमानपत्रांत चर्चा झाली आणि तेव्हाच इमान अकॅडमीचं दोन वर्षांपूर्वीचं प्रकरणही बऱ्याच लोकांना कळलं.

मी अमेरिकेला नावं ठेवण्यासाठी हे सांगत नाही. वेळ बदलावी म्हणून उभे राहणारे लोकही तिथलेच होते. मुद्दा एवढाच की "खाजगी" हा शिक्का मारून वेगळं कुंपण घातलं, की त्या कुंपणाच्या आत बहुसंख्य कोण आणि दाराशी कोण उभं आहे यावर लहान समाजाच्या शाळेचं नशीब ठरतं. मोठ्या, जिंकणाऱ्या शाळांना काही फरक पडत नाही. त्या कुठल्याही कुंपणात मालकच असतात.

आपल्याकडे खाजगी कोण?

महाराष्ट्रात क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा होतात. तालुका किंवा महानगरपालिका, मग जिल्हा, विभाग, राज्य आणि पुढे राष्ट्रीय. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे वयोगट आणि मुलगे-मुली, एवढीच विभागणी. पटसंख्या, मैदान, फी यांचा हिशेब त्यात नाही. दोनशे पटाची उर्दू शाळा आणि जलतरण तलाव असलेली इंटरनॅशनल शाळा एकाच ड्रॉमध्ये येऊ शकतात.

आता गंमत बघा. जिल्हा परिषद आणि पालिकेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीपर्यंतच. पुढचं हायस्कूल सहसा एखाद्या शिक्षण संस्थेचं. म्हणजे १७ वर्षांखालील गटात सरकारी शाळा तशा कमीच दिसतात. माध्यमिक उर्दू शाळाही बहुतांश अंजुमन आणि एज्युकेशन सोसायट्यांच्या, कागदोपत्री खाजगी. पगार सरकारी अनुदानातून, फी जवळपास नाही, मुलं यंत्रमाग कामगारांची, रिक्षावाल्यांची, भाजीवाल्यांची. उद्या कुणी टेक्सासचा नियम जसाच्या तसा इथे आणला, तर ही शाळा "खाजगी" म्हणून त्या इंटरनॅशनल शाळेच्या गटात जाईल. सरकारी शाळांना न्याय देण्यासाठी केलेला नियम आपल्याच गरीब पोरांच्या डोक्यावर पडेल.

दुसरं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडे या मुलाने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. जगभर बातमी झाली. त्याच्या शाळेच्या धावा ३ बाद १४६५. समोरचा आर्य गुरुकुलचा संघ दोन डावांत ३१ आणि ५२ वर बाद. प्रणवच्या मेहनतीला सलामच. पण गोलंदाजी करणाऱ्या त्या पोरांचा विचार किती जणांनी केला? आणि दोन्ही शाळा खाजगीच होत्या. "खाजगी विरुद्ध सरकारी" हा नियम असता तरी हा सामना असाच झाला असता. ताकदीतला फरक शाळेच्या फलकावर लिहिलेला नसतो.

आणि खेळाडूने शाळा बदलण्याचं काय? सचिन तेंडुलकर आचरेकर सरांच्या सल्ल्याने बांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात गेला. १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात विनोद कांबळीबरोबर त्याने ६६४ धावांची भागी केली. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत खेळासाठी शाळा बदलली तर काही काळ संघाबाहेर बसावं लागतं. तो नियम मुंबईत असता तर? म्हणजे इन्साफ दोन प्रकारचा आहे. एक शाळा-शाळांमधला, दुसरा त्या मुलाचा, ज्याला त्याच्या शाळेत मैदानच नाही. गरीब मुलाला चांगल्या शाळेने फी माफ करून घेतलं तर त्याला गुन्हा म्हणणं मला पटत नाही. मुलाला अडवू नका, शाळेचा गट बदला. ओहायो आणि इंडियानाचे नियम याच दिशेने जातात.

हे सगळं केवळ चषकापुरतं नाही. आपल्याकडे शालेय स्पर्धेतल्या कामगिरीवर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. वरच्या पातळीवर गेलात तर सरकारी नोकरीतलं खेळाडूंसाठीचं ५ टक्के आरक्षण आहे. तालुक्याच्या पहिल्याच फेरीत ज्या मुलीला बलाढ्य संघाशी गाठ पडून घरी जावं लागतं, तिच्या हातून या सगळ्या वाटेची पहिली पायरीच निसटते.

मग आपण काय मागायचं?

पहिली गोष्ट, वेगळ्या स्पर्धा मागू नका. हिशेब मागा. मागच्या दोन-तीन वर्षांत जिल्ह्यात जिंकलेल्या शाळांना ड्रॉमध्ये वेगवेगळ्या भागांत ठेवा, म्हणजे पहिल्याच फेरीत नवख्या संघाचा बळी जाणार नाही. याला पैसा लागत नाही, एक बैठक लागते.

दुसरी, पहिल्या फेरीत हरलेल्या संघांसाठी तालुका पातळीवर दुसरा चषक ठेवता येतो. मुलांना वर्षातून एकाऐवजी तीन-चार सामने मिळतात. एका सामन्यात हरून परत येणाऱ्या संघाला शिकायला वेळच मिळत नाही, हे आम्ही शिक्षक रोज बघतो.

तिसरी, संघात किती मुलं या वर्षीच दाखल झाली, याची नोंद यादीसोबत द्यावी. प्रत्येक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रवेशाची तारीख असतेच. ओहायोला जे किचकट वाटलं, त्याची अर्धी माहिती आपल्या कपाटात आधीच पडून आहे.

चौथी, मैदान. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान आणि खेळाचं साहित्य असावं असं स्पष्ट लिहिलं आहे. सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाचीही तरतूद आहे. शाळा व्यवस्थापन समितीवर आपले पालक असतात. बैठकीत सही करून चहा पिऊन उठण्याऐवजी हे दोन मुद्दे इतिवृत्तात लिहून घ्या. दाट वस्तीत मैदान निघणार नसेल तर पालिकेच्या मैदानाची ठराविक वेळ लेखी मागा.

पाचवी, वेळापत्रक. शुक्रवारी जुम्याच्या वेळेला सामना येऊ नये, रमजानमध्ये भर दुपारी धावण्याची शर्यत असू नये, असं वाटत असेल तर ते ड्रॉ पडण्याआधीच्या नियोजन बैठकीत सांगा, लेखी द्या. बेरेन अकॅडमीच्या मुलांना कोर्टाची पायरी चढावी लागली. आपल्याकडे बहुतेक वेळा वेळेवर दिलेला एक अर्ज पुरतो. पण त्यासाठी बैठकीला आपला क्रीडाशिक्षक हजर असायला हवा. त्या दिवशी त्याला दुसऱ्या कामाला लावू नका, ही सर्व मुख्याध्यापकांना हात जोडून विनंती.

आणि शेवटचं आपल्या संस्थाचालकांसाठी. आपल्या समाजातही आता मोठ्या, सुसज्ज शाळा उभ्या राहत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्याकडे टर्फ आहे, प्रशिक्षक आहेत. त्याच मोहल्ल्यातल्या अनुदानित शाळेची मुलं गल्लीत खेळतात. रविवारी सकाळचे दोन तास त्या मुलांसाठी फाटक उघडलं, तर जिल्ह्याच्या स्पर्धेत तुमचाच प्रतिस्पर्धी तगडा होईल, हे खरं आहे. पण मुकाबला तगड्याशीच व्हायला हवा ना? ३१ धावांत बाद होणाऱ्या संघाला हरवून मिळालेला चषक कपाटात छान दिसेल, पण तुमच्या पोरांना तो काही शिकवणार नाही.